जावई जेवत नाही

४ मे

प्रिय वन्सं,

पोचली असशील असं धरून चालते, कारण बोट बुडाल्याचं कुठे छापून आलेलं नाही. तुझ्या त्या बेटावर फोन लागत नाही आणि हवामान केंद्राच्या यंत्रावरून वारा-पाण्याखेरीज काही बोलू देत नाहीत, म्हणून हा पत्राचा खटाटोप. शाळा सुटल्यापासून मी एवढं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

थेट सांगते. तुझा कुत्रा जेवत नाही.

त्याचं नाव 'जावई' का ठेवलंस ते आता कळलं. आल्या दिवशी तू दिलेले कोरडे दाणे भांड्यात घातले. वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि जाऊन पलंगाखाली बसला. म्हटलं नवी जागा आहे, रुळेल. दुसऱ्या दिवशी कोंबडी उकडली, भात मऊ शिजवला, ओट्यासमोर फतकल मारून बसले आणि घासघास पुढे केला. तोंड फिरवलं गं त्यानं! माझ्या हातचं आजवर कुणी परत पाठवलेलं नाही. तुझ्या आईनंही नाही, आणि त्या काय चीज होत्या ते तुला ठाऊक आहे.

तुझा दादा म्हणतो, "भूक लागली की खाईल." एवढं बोलून पेपरात डोकं. तो सकाळी आठला छापखान्यात जातो, मी साडेनऊला दातांच्या दवाखान्यात. संध्याकाळी मी येते तेव्हा जावई दारात शेपटी हलवत उभा असतो, अगदी मजेत. भांडं मात्र तसंच.

पातेल्यात उरलेलं वाया थोडंच घालवायचं? सकाळी त्यातच कांदा-लसूण, मीठ-मिरची घालून चांगलं परतते आणि तुझ्या दादाच्या डब्यात भरते. डबा इतका स्वच्छ परत येतो की घासावा का, असा प्रश्न पडतो. घरात एक तरी गुणग्राहक आहे म्हणायचं.

उपाय कळव. लवकर.

तुझी,
वहिनी


११ मे

प्रिय वहिनी,

बोट फक्त शनिवारी येते. आज ती दिसल्याबरोबर निरीक्षणाची वही तशीच टाकून धक्क्यावर धावले, आणि तुझं पत्र तिथेच उभ्यानं वाचलं.

चूक तुझ्या स्वयंपाकाची नाही, तुझ्या समोर बसण्याची आहे. रागावू नकोस. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, आणि मीसुद्धा असंच गोंजारून, मिनतवाऱ्या करून बघितलं होतं. जितकं मागे लागावं तितका तो आखडतो. म्हणून आता असं कर. भांडं ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. पाठ करून आपलं काम करायचं. पाव तासानं, खाल्लं असो वा नसो, एक शब्द न बोलता भांडं उचलायचं. रागवायचं नाही, लाडही नाहीत. आणि मागून खाण्याचा आवाज आला तरी वळून बघायचं नाही! वळलीस की संपलं, तो खाणं सोडून निघून जातो. दाण्यांवर थोडं कोमट पाणी घाल. मीठ, कांदा, मसाला काही नको.

त्याचं वजन तेवढं कर. दादाला म्हणावं त्याला उचलून काट्यावर उभा राहा, मग त्यातून दादाचं वजा कर. मी सोडला तेव्हा तो चौदा किलो होता.

मी दर तीन तासांनी वारा, दाब, तापमान लिहिते आणि मधल्या वेळात जावयाचा विचार करते. जीव थाऱ्यावर नाही. ही नोकरी मला किती खटपटीनंतर मिळाली ते तू पाहिलंयस, सहा महिने इथून हलता येणार नाही. पण त्याला काही झालं तर मी नोकरी बघणार नाही, हेही तुला आत्ताच सांगून ठेवते.

तुझी,
वन्सं (हा शब्द तू सोडून आता जगात कुणी वापरत नाही)


२१ मे

प्रिय वन्सं,

सगळं तुझ्या बरहुकूम केलं. पाठ केली, पाव तास भांडी घासली, न बोलता भांडं उचललं. न बोलणं हे माझ्यासाठी काय आहे ते तुझ्या दादाला विचार. तरी जावयानं दोन दाणे हुंगले आणि जांभई दिली.

आता वाईट बातमी. रविवारी वजन केलं. दादा त्याला उचलून काट्यावर उभा राहिला. ब्याऐंशी. तुझ्या दादाचं वजन लग्नापासून बहात्तर आहे, वीस वर्षांत ना घट ना वाढ, त्याच्या स्वभावासारखंच. म्हणजे जावई राहिला दहा. चार किलो उतरला गं! दादाला म्हटलं, तर म्हणतो, "दिसत तरी नाही तसं." पुरुषांना काय दिसतं कपाळ.

गुरुवारी जनावरांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. दिवसभर दवाखान्यात माझं लक्ष नव्हतं. एका पेशंटला दुसऱ्याचाच दात काढायला आत पाठवणार होते.

खालच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडे दुपारचा रेडिओ चालू असतो हल्ली." मी म्हटलं, घरात कुत्र्याशिवाय कुणी नसतं. तर म्हणतात, "मग कुत्रा लावत असेल." त्यांना वयामुळे भास होतात. पण मला एक शंका येते. बाईंकडे आपली जादा किल्ली आहे आणि कुत्र्यांचं त्यांना भारी प्रेम. त्याच चोरून काही खायला घालत असतील का? पण मग वजन का उतरेल?

एक बरी गोष्ट सांगायची तर, दादाचे शर्ट आता धुवायला सोपे झालेत. शाईचा एक डाग नसतो. नवं यंत्र आलंय म्हणे, हात लावावा लागत नाही. तरी घरी येतो तो दमूनच. रात्री जेवायला बसलं की म्हणतो, दुपारचा डबाच जड झाला.

घाबरू नकोस. मी तुझ्या वाटचंही घाबरले आहे.

तुझी,
वहिनी


२५ मे

वहिनी,

चार किलो? चौदातून चार?

मी केंद्रप्रमुखांना आज सांगितलं की मला परत जायचं आहे. ते म्हणाले, जाऊ शकता, पण मग जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. मी म्हटलं, द्या. पुढच्या शनिवारच्या बोटीत माझं सामान चढवते. तोवर डॉक्टर काय म्हणाले ते लिही, नाही तर लिहू नकोस, मी येतेच आहे. काल तापमान वाऱ्याच्या रकान्यात लिहिलं.

तुझी


२८ मे

वन्सं, थांब! सामान खाली ठेव!

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि मी दवाखान्याच्या टेबलावरच लिहायला बसले, पेशंट बसलेत ताटकळत. जावई ठणठणीत आहे. डॉक्टरांनी त्याला मोठ्या काट्यावर उभं केलं. सोळा किलो! दहा नाही, सोळा. म्हणजे चौदाचा सोळा झाला. मी सांगितलं, हा पंधरा-वीस दिवस काही खात नाही. डॉक्टर मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "मग मलाही असाच उपास सांगा." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमचा काटा बिघडलेला आहे, एवढंच. घरी आल्या आल्या माळ्यावर टाकला. गंमत म्हणजे मी एकटी उभी राहिले तर तो आमच्या दवाखान्यातल्या काट्याइतकंच दाखवतो. फक्त जावयाच्या बाबतीत बिघडतो मेला.

आणि खायला कोण घालतं ते उघडच आहे. गाण्याच्या बाईंकडे जाऊन किल्ली परत मागून आले. जरा आवाजही चढला माझा. त्या रडवेल्या झाल्या, म्हणाल्या, "मी तुमच्या दाराला हात लावलेला नाही." आता मला रुखरुख लागली आहे, पण दुसरं कोण असणार?

तू येऊ नकोस. नोकरी सोडू नकोस. कुत्रा लठ्ठ झाला म्हणून कुणी नोकरी सोडतं का?

तुझी,
वहिनी


१ जून

प्रिय वहिनी,

सामान उतरवलं. केंद्रप्रमुख "बरं" एवढंच म्हणाले आणि मला वहीतली चूक दाखवली.

सोबत एक बंद पाकीट आहे. ते दादाला दे. तू उघडू नकोस, एवढं ऐक माझं. आणि गाण्याच्या बाईंना किल्ली परत दे. त्यांनी काही केलेलं नाही.

तुझी,
वन्सं


(पाकिटातलं)

दादा,

काटा बिघडलेला नाही. वहिनीला तो बरोबर दाखवतो, म्हणजे तुलाही बरोबरच दाखवत असणार. ब्याऐंशीतून सोळा गेले की सहासष्ट उरतात. वहिनीनं तुझे बहात्तर गृहीत धरले, कारण तू बदलशील असं तिच्या स्वप्नातही येत नाही. मी दिवसभर आकडे बघते रे. सहा किलो जावयाचे गेलेले नाहीत, तुझे गेलेत.

शर्टाला शाई नाही. दुपारी रेडिओ चालू असतो. डबा चाटून साफ. कुत्र्याला दोन किलो मांस चढलंय. आणखी काय लिहू? तुला आठवतं, बाबांनी तुला शाळेतून काढायचं ठरवलं होतं तेव्हा महिनाभर तू आपलं ताट टेबलाखाली म्हाताऱ्या कुत्र्याला घालत होतास. आईला वाटायचं पोरगं जेवलं. मला दिसत होतं, मी बोलले नव्हते.

तू कामावर जात नाहीस ना?

तू मला सांगितलं नाहीस याचा राग नाही. पण जेवत नाहीस याची मला फार भीती वाटते आहे. वहिनीला सांग. मी तिला सांगणार नाही, ते तुझं आहे. पण तिनं सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही.

आणि डब्यात कांदा असतो. कुत्र्याला कांदा विषासारखा असतो दादा, हळूहळू रक्त खातो. आजपासून एक घासही देऊ नकोस.

तुझी छकुली


१० जून

वन्सं,

पाकीट सकाळीच, तो निघायच्या आधी दिलं. उघडलं नाही. दवाखान्यात मी लोकांची सतरा गुपितं सांभाळते, तुमचं अठरावं.

त्यानं खिडकीशी उभं राहून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि जावयाला फिरवायला घेऊन गेला. परत आल्यावर विचारलं, काय लिहिलंय? म्हणाला, "लहानपणीचं काहीतरी." वीस वर्षं या घरात काढली तरी तुम्ही भावंडं पाकीट बंद करून बोलणार. असो. मी वाईट वाटून घेतलेलं नाही. घेतलं आहे.

नवल ऐक. त्याच संध्याकाळी जावई जेवला! कोरडे दाणे, भांडं चाटेपर्यंत. मी वळले नाही, पण ओट्याशी उभ्या उभ्या हुंदका आला मला. आणि त्याच दिवशी तुझ्या दादाचा डबा पहिल्यांदा भरलेला परत आला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. मी विचारलं, चव बिघडली का? म्हणाला, "भूक नव्हती." रात्रीही ताटात चिवडत बसतो. एकाचं सुरू झालं की दुसऱ्याचं बंद. तुमच्या घराण्याचंच काहीतरी आहे.

दोन दिवस मात्र जावई जरा मलूल वाटतो. जिने चढताना थांबला. सोळा किलोंचं ओझं आहे म्हणा.

त्या पत्रात काय होतं, वन्सं? मी आता सरळ विचारते आहे.

वहिनी


१३ जून

छकुले,

तुझ्या वहिनीचं पत्र तुला मिळेल त्याच बोटीनं हेही मिळेल. तिला उत्तर देण्याची वेळ तुझ्यावर येणार नाही. सगळं कळलंय तिला.

मार्चमध्ये छापखान्यात नवं यंत्र आलं, एवढं खरं आहे. आम्हा चौघांना घरी पाठवलं, हे मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, तोवर दुसरं काम मिळेल असं वाटलं. निघताना मिळालेलं पगार म्हणून घरात देत राहिलो. सकाळी आठला निघायचं, छापखान्यांची दारं ठोठावायची. सगळीकडे तीच यंत्रं. मग बागेत बसायचं. जावई आल्यावर बाग सुटली. ती कामावर गेली की मी घरी परत येत होतो. कुणीतरी दार उघडल्यावर आनंदानं उड्या मारतं, याची किती गरज होती ते तेव्हा कळलं.

डबा उघडला की घास उतरायचा नाही. ती पहाटे उठून करते, आणि मी कुठल्या तोंडानं खाऊ? टाकून द्यायला हात धजत नव्हता. तो समोर बसायचा. त्याला दिलं. तो खायचा आणि मला वाटायचं, चला, तिचं केलेलं कुणाच्या तरी पोटात गेलं. कांद्याचं मला खरंच माहीत नव्हतं. तुझी चिठ्ठी वाचल्यापासून एक घास दिला नाही.

पण उशीर झाला होता. काल मी अकराला घरी आलो तर तो दारात आला नाही. पलंगाजवळ पडला होता. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी चहासारखी. मी त्याला उचलला आणि धावत सुटलो. वाटेत एवढंच डोक्यात होतं, छकुलीला काय सांगू.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं यानं?" मी सांगितलं. किती दिवस, तेही सांगितलं. ते म्हणाले, "तुमच्या मिसेस म्हणत होत्या दिवसभर घरी कुणी नसतं." मी म्हटलं, मी असतो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तोंडातून खरं निघालं, तेही परक्या माणसापुढे. मग मीच तिच्या दवाखान्यात फोन लावला.

ती पांढऱ्या कोटातच आली, गळ्यात मास्क लोंबत होता. मला बघून म्हणाली, "तुम्ही इथे कसे? छापखाना?" मी म्हटलं, "छापखाना नाही. मार्चपासून नाही." ती जावयाच्या अंगावर हात फिरवत राहिली. माझ्याकडे बघत नव्हती. मग एकदम माझं मनगट धरलं, बोटांनी मापावं तसं, आणि म्हणाली, "अहो, घड्याळ केवढं ढिलं झालंय."

त्याला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवलं आहे. आज डोकं उचललं त्यानं. डॉक्टर म्हणतात वाचेल. तू मला क्षमा करायची की नाही ते त्याला घरी आणल्यावर ठरव.

दादा


२२ जून

प्रिय वन्सं,

तुझा जावई घरी आला. पायात अजून बळ नाही, पण माज परत आलाय. तुझं पत्र मिळालं. त्या पाकिटात दादाला तू काय लिहिलंस ते त्यानं मला वाचून दाखवलं. म्हणजे सुरुवात त्यानं केली आणि 'म्हाताऱ्या कुत्र्याला' इथे थांबला, पुढचं मी वाचलं.

मी रागावले नाही असं तुला सांगणार नाही. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. फसवलं म्हणून नव्हे गं. मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून, कुत्रा जेवत नाही, कुत्रा वाळला, म्हणून आकांत करत होते, आणि समोर वाळलेला माणूस बसला होता तो मला दिसला नाही. वीस वर्षं बहात्तर, बहात्तर. मी त्याला बघायचंच सोडलं होतं. याचा राग कुणावर काढायचा सांग. शेवटी सगळा दादावरच काढला, तो हाताशी होता म्हणून.

गाण्याच्या बाईंच्या दारात जाऊन माफी मागितली. त्या म्हणाल्या, "रेडिओवर तुमचे मिस्टर चांगली गाणी लावायचे." किल्ली घेतली त्यांनी. दादाच्या कामाचं काहीच ठरलेलं नाही. रोज सकाळी निघतो, पण आता कुठे जातो ते सांगून जातो, आणि दुपारी घरी असतो.

पण जेवेना. आता लपवायचं काही उरलं नाही तरी जेवेना. मी समोर बसायची, एक घास, माझी शपथ, अर्धा तरी. तो मान खाली घालायचा आणि आणखीच मिटायचा. चौथ्या दिवशी बसल्या बसल्या मला तुझं पत्र आठवलं, मे महिन्यातलं.

तेव्हापासून ताट ठेवते आणि बाजूला होते. शेजारी जावयाचं भांडं. पाठ करून आपली भांडी घासते. पाव तासानं दोन्ही उचलते. एक शब्द बोलत नाही, मग जीभ चावावी लागली तरी बेहत्तर. परवा दोन्ही तशीच. काल जावयाचं अर्धं, त्याचं तसंच.

आज नळ सोडला होता. मागे जावयाचं भांडं फरशीवर सरकल्याचा आवाज आला. मी नळ बंद केला. मग थोड्या वेळानं ताटात चमचा वाजला. एकदा. थांबला. पुन्हा वाजला आणि वाजतच राहिला. माझ्या हातातलं पातेलं कधीच घासून झालं होतं, मी ते आणखी घासत होते, आणि डोळ्यांतून पाणी नाकाच्या शेंड्यावर येऊन टपकत होतं, पुसायलाही हलले नाही.

मी वळले नाही, वन्सं.

तुझी,
वहिनी

ता. क. माळ्यावरून काटा काढला. संध्याकाळी त्याला एकट्याला उभं केलं. सदुसष्ट.